आमची पिचर दुसऱ्या टीमला देताना

आमच्या मंडळाच्या बायकांची सॉफ्टबॉलची टीम आहे आणि ती माझ्या ताब्यात आहे. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू जरा मोठा, मैदान जरा लहान, आणि पिचर चेंडू टाकते तो खांद्यावरून नाही, हात गरकन फिरवून खालून. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावच्या पार्कात उन्हाळाभर दर बुधवारी संध्याकाळी मॅच असते. मॅनेजर मी. पिचरच्या समोर उकिडवं बसून तिचे चेंडू झेलणारी कॅचरही मीच, कारण इतका वेळ उकिडवं बसून परत उठू शकणारी दुसरी कोणी सापडली नाही.

टीम निवडायचा नियम मी पहिल्याच वर्षी ठरवला: जी डबा आणेल ती खेळेल. सोमवारी ग्रुपवर यादी टाकायची, प्रत्येकीनं नावापुढे पदार्थ लिहायचा. पदार्थ नाही तर मैदानात जागा नाही. या नियमामुळे आम्हाला खेळाडू कधी कमी पडल्या नाहीत. जिंकायला मात्र तो फारसा उपयोगी नव्हता. बहुतेक जणी लहानपणी भावांबरोबर गल्लीत क्रिकेट खेळलेल्या. चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं असतं, पण आमच्या बायका बॅट हातात धरूनच सुटायच्या. अंपायर ओरडून थकायचा. आमची शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानात मधल्या जागी चेंडू अडवणारी, मुंबईची. ती एकदा त्याच्यासमोरच मला म्हणाली, "बॅट टाकली तर मग क्रीजमध्ये काय टेकवू, पर्स?"

आमची पिचर मात्र खरी खेळाडू होती. ती अमरावतीची, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळलेली. तिकडे मुली शाळेपासून हा खेळ खेळतात, हे पुण्यात वाढलेल्या मला ठाऊकही नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाणाच्या टेबलावरच टीमचा कागद ठेवला होता. तो वाचून ती म्हणाली, "सॉफ्टबॉल? इथं? आपल्या बायका?" आणि तिळगूळ तोंडात असतानाच तिनं नाव लिहिलं.

ती टाकायला लागली की समोरच्या बायका एकामागून एक बाद व्हायच्या. पण मधूनच एखादीची बॅट चेंडूला लागायची, आणि तो चेंडू आमच्या कोणाच्या तरी पायांमधून निवांत मागे जायचा. त्याच्यामागे तीन जणी धावायच्या आणि तिघी एकमेकींना "तू घे, तू घे" म्हणायच्या. आम्ही हरायचो. मग चादर पसरून डबे उघडायचो आणि जिंकलेल्या टीमलाही बोलवायचो.

तिथेच घोटाळा झाला. पिवळ्या जर्सीची एक टीम होती, शिक्षिकांची. लीगमधली सर्वांत चांगली. त्यांची उंच कॅचर आमच्या साबुदाणा वड्यांची भक्त झाली होती. आमच्याशी मॅच नसली तरी ती चादरीपाशी यायची. वडे खाता खाता ती आमच्या पिचरशी बोलायची, आणि मी कौतुकानं तिच्या ताटलीत आणखी चटणी वाढायचे.

जुलैमधली एक संध्याकाळ. आम्ही नेहमीसारखे हरलो होतो. मी रिकामे डबे गाडीत लावत होते. पिचर मागे येऊन उभी राहिली.

"ताई, एक बोलायचं होतं. रागावू नका."

"पुढच्या बुधवारी डबा जमणार नाही?"

"डबा आणते हो. मी त्या पिवळ्यांकडे जाऊ का? त्या बोलावून राहिल्या."

माझ्या हातात झाकण होतं, ते भलत्याच डब्यावर बसवायला मी धडपडू लागले. "हरायचा कंटाळा आला?"

"नाही ना! हरून तर किती मजा येऊन राहिली. पण ताई, खांदा आता कुरकुर करतो. अजून एखाददुसरा उन्हाळा चालेल. त्याच्या आत मले एकदा पूर्ण हात सोडून टाकायचं आहे."

"म्हणजे इतके दिवस काय अर्ध्या हातानं टाकत होतीस?"

तिनं माझ्या डाव्या करंगळीकडे पाहिलं. पहिल्याच प्रॅक्टिसला तिचा चेंडू झेलताना ती दुखावली होती, आणि तेव्हापासून जरा वाकडीच आहे. त्यानंतर मात्र मला कधी लागलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी झेलायला शिकले.

"चल," मी म्हटलं, "टाकून दाखव."

"तुम्हाले नाही टाकत."

"मला नको. त्या फळ्यांवर टाक."

कॅचरच्या मागे जाळी असते, तिच्या खालच्या बाजूला लाकडी फळ्या. ती जागेवर जाऊन उभी राहिली. हात फिरला एवढं दिसलं. चेंडू दिसलाच नाही. फळ्यांवर असा धाडकन आवाज झाला की तळ्याकाठची सगळी बदकं उडाली.

शॉर्टस्टॉप चादरीची घडी घालत होती, ती तशीच उभी राहिली. "आईशप्पथ! हे इतके दिवस कुठे ठेवलं होतंस?"

"ताईंच्या करंगळीत," पिचर म्हणाली, आणि आम्ही तिघी इतक्या हसलो की मला गाडीच्या दाराला धरावं लागलं.

लीगचा नियम असा, की सीझनच्या मध्ये टीम बदलायची तर आधीच्या मॅनेजरनं ईमेलनं होकार द्यायचा, तोही शुक्रवारपर्यंत. घरी आल्यावर मी सवयीप्रमाणे कागदावर फायदे-तोटे असे दोन रकाने आखले. तोट्यांचा रकाना खालपर्यंत गेला. फायद्यांच्या रकान्यात एकही ओळ नव्हती. पण त्या धाडकन आवाजानंतर नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं, म्हणून कागद रिसायकलिंगमध्ये टाकला.

गुरुवारी ग्रुप कॉल घेतला. दोघी-तिघी चिडल्या. "असं कसं सोडायचं? आपल्याकडे तिच्याशिवाय आहे काय?"

"डबे आहेत," शॉर्टस्टॉप म्हणाली.

"आणि पिचिंग कोण करणार?"

"मी करीन. पिचर कोणीही असली तरी चेंडू तुमच्या पायांमधूनच जाणार आहे ना?"

मी कॉलवरच ईमेल लिहून पाठवला.

पुढच्या बुधवारी मॅचच्या आधी आम्ही तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि कोणीतरी मुद्दाम शोधून आणलेलं पिवळं ब्लाउजपीस. ती आमच्या निळ्या जर्सीचा पदर करून उभी राहिली. एकीनं तिच्या हातावर दही ठेवलं. अंपायर घड्याळ बघत होता, पण त्यालाही दही मिळाल्यावर तो गप्प बसला. पिवळ्या टीमची उंच कॅचर न्यायला आली, तेव्हा शॉर्टस्टॉपनं तिला इंग्रजीत बजावलं की आम्ही आमची मुलगी देतोय, नीट सांभाळा. त्या बाईनं छातीवर हात ठेवून अगदी गंभीरपणे वचन दिलं. मग हळूच विचारलं, वडे आहेत का.

नंतर आम्ही तिच्या मॅचेस बघायला जायला लागलो. आमची मॅच संपली की चादर उचलून सरळ तिच्या मैदानावर. ती हात सोडून टाकायची, आणि ती उंच बाई तो चेंडू असा पकडायची जसा कोणी दारावरचं पार्सल घेतं. पिचर वळून आमच्याकडे बघायची आणि तोंडभर हसायची. आमच्याकडे खेळतानाही ती हसायची, पण हे हसू वेगळं होतं.

ऑगस्टच्या शेवटी आमची मॅच त्यांच्याशीच लागली. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"ताई, उद्या तुमच्यावर कसं टाकू? काही जणी नवीन आहेत. हळू टाकू का?"

"हळू टाकलंस तर माहेरचा चहा बंद."

"अन् तुम्ही बॅटिंगला आल्या तर?"

"तर आणखी जोरात."

दुसऱ्या दिवशी बॅटिंगला मी पहिली गेले. तिनं मान हलवून नमस्कार केला, आणि मग तिचा चेहरा एकदम कामाचा झाला. पहिला चेंडू मला फक्त ऐकू आला. दुसऱ्याला मी बॅट फिरवली, तेव्हा तो कॅचरकडून परत पिचरकडे निघाला होता. तिसऱ्याला मी डोळे उघडे ठेवायचे एवढंच ठरवलं, आणि ते जमलं. तिन्ही चेंडू गेले, मी बाद. मागच्या बाकावरून आमच्या सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. अर्थात तिच्यासाठी.

"ताई, लागलं नाही ना?" ती ओरडली.

"लागायला मी त्याच्या जवळपास तरी हवी होते ना!"

परत येताना मी हसत होते. बाकाशी पोचले तर तिथे गोंधळ. बॅटिंगची ऑर्डर मी आदल्या रात्रीच ठरवून पाठवली होती, पण ती कोणीच ऐकेना. शॉर्टस्टॉप म्हणत होती आता मी, ढोकळेवाली म्हणत होती माझा नंबर आधीचा आहे, आणि जिला चेंडूची भीती वाटते म्हणून मी शेवटी ठेवलं होतं ती हेल्मेट घालून तयार उभी होती. तिच्या हातून लवकर बाद व्हायला मिळावं म्हणून आमची टीम पहिल्यांदाच आपापसात भांडत होती.