पात्यांवरची नावं

पंख्याच्या पात्यावर कुणा दिवंगताचं नाव लिहिलेलं दिसलं की मी अजूनही मान फिरवतो. आमच्या संस्थेची बालवाडी हरसूलजवळच्या एका पाड्यावर होती आणि मी संस्थेचा खजिनदार. खजिनदार म्हणजे नाशिकभर हात पसरत फिरणारा माणूस.

सुरुवातीला ओळखीतले शिक्षक, कारकून दरमहा थोडेथोडे देत. त्यात बालवाडी चालवणाऱ्या ताईंचा पगार निघायचा, मुलांची खिचडीही शिजायची. मग संस्थेचं नाव झालं आणि मोठे देणगीदार आले. अंबडचे एक कारखानदार वडिलांच्या स्मरणार्थ पंखे देऊन गेले. दुसऱ्यांनी आईच्या नावाने कपाट दिलं. बाकं आली, घड्याळ आलं, पाण्याची टाकी आली. प्रत्येकावर लाल रंगात ठसठशीत नाव. टाकीवर तर देणाऱ्याची नातवंडंसुद्धा होती. पाड्यावर वीज असली तर असायची, पंखे मात्र वाढत गेले.

हा थाटमाट पाहून जुने लोक म्हणाले, "आता तुम्हाला मोठी माणसं मिळाली, आमच्या चिल्लरीचं काय काम?" एकेक करून ते थांबले. ताईंचा पगार आधी उशिरा, मग अर्धा आणि मग बंदच झाला.

मोठ्यांकडे पगाराचं काढलं की ते घड्याळाकडे बघायचे. "पगार नको हो, काहीतरी कायमस्वरूपी सांगा," त्या कारखानदारांनी सुनावलं. पगारावर नाव रंगवता येत नाही, हे खरं दुखणं. बाई मुलांची नाकं पुसते, त्यांच्याकडून अक्षरं गिरवून घेते, ते कायमस्वरूपी नाही, कपाट कायमस्वरूपी! शिसारी आली मला. आणि आमचे अध्यक्ष त्याच माणसाला शाल पांघरवत होते.

शेवटी एकदा ताई नाशिकला ऑफिसात आल्या, त्या निरोप घ्यायलाच. अंबडला पॅकिंगचं काम मिळालं होतं.

"थांबा की ताई थोडं," अध्यक्ष म्हणाले, "नव्या सतरंज्या येताहेत."

ताईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "सर, माझ्या पाठीवर रंगवा कोनाचं तरी नाव. मंग तरी पगार निघंल."

अध्यक्षांनी चहा मागवला.

पोरं काही दिवस बालवाडीच्या ओट्यावर येऊन बसत होती, मग यायची थांबली. पंखे, कपाट, घड्याळ, सगळं आत कोंडून दार लावलं. कुलूप तेवढं मला माझ्या पैशांनी आणावं लागलं. त्यावर कुणाला आपल्या वडिलांचं नाव नको होतं.