आत्याच्या नावाचं पाकीट

माझी आत्या चष्मे बनवायची. अख्ख्या गल्लीची नाकं तिला पाठ होती. गिऱ्हाइकाच्या नावाचं पाकीट करायचं, त्यात नंबराची चिठ्ठी घालायची आणि आल्या क्रमानं खिळ्याला अडकवायचं, ही तिची शिस्त. तिच्या स्वतःच्या नावाचं पाकीट मात्र वीस वर्षांत झालं नाही. आत्तोबा देवाघरी गेले आणि त्यांचा चष्मा हिच्या नाकावर आला. एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

मी टोकलं की म्हणायची, "आधी लोकांचं होऊ दे. स्वतःचे लाड करायला का देवानं जन्म दिलाय?" तिच्या लेखी ती भक्ती होती. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा आणि संताप यायचा.

मग तिनं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा चष्मा केला आणि भिंग बसवताना कोन चुकला. रविवारी उपासनेनंतर उतरताना त्यांना पायरी दिसली एकीकडे आणि पाय पडला दुसरीकडे. हाड वाचलं, पण घोटा टम्म सुजला. सोमवारी ते लंगडत दुकानात आले. आत्यानं भिंग तपासलं आणि तिचा चेहराच उतरला.

"दुकान बंद करते," ती म्हणाली. "माझ्यामुळे आणखी कुणी पडायला नको."

दुकान म्हणजे तिचा जीव होता.

पाळकसाहेबांनी तिचा चष्मा मागून घेतला, डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. "बाई, यातून माझं तोंड तरी दिसतं का तुम्हाला?"

"आवाजावरून ओळखते."

ते खो खो हसले. "शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा, असं प्रभूनं सांगितलंय. तुम्ही अगदी तस्संच केलंत! स्वतःला सांभाळता तसंच मला सांभाळलंत. आता हा घोटा बघा."

आत्यानं कोरं पाकीट घेतलं, ठसठशीत अक्षरात त्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि सगळ्यांच्या पुढे अडकवलं.

"तुमचा चष्मा शुक्रवारी," ती म्हणाली. "आधी माझा."

"आमेन," म्हणत पाळकसाहेब लंगडत निघाले.

दुसऱ्याच दिवशी ती डोळे तपासून आली. गुरुवारी नवा चष्मा घालून, गिऱ्हाइकांपुढे धरायचा आरसा तिनं पहिल्यांदा स्वतःपुढे धरला. बराच वेळ बघत राहिली.

"अगं, देवानं काम झकास केलंय की," ती मला म्हणाली. "मीच कधी नीट बघितलं नव्हतं."

आणि तिनं पाळकसाहेबांचं भिंग हातात घेतलं.