शेऱ्याच्या रकान्यातलं एक वाक्य

ही हकिकत मी सात-आठ वर्षं टाळत आलो. कॉलनीत कुणी विचारलं, ‘काका, तुमच्या मागच्या खोल्यांतलं ते बंगाली जोडपं कुठं गेलं हो?’ तर मी म्हणायचो, ‘गेले आपल्या मुलखात. त्यांचंही कुणी म्हातारं माणूस असेल तिकडं.’ लेकीलाही हेच सांगितलं. ते खोटं आहे. ते माझ्यामुळं गेले. मी लिहिलेल्या एका ओळीमुळं, आणि त्याहून जास्त मी न बोललेल्या एका वाक्यामुळं.

माझी नोकरी महसूल खात्यातली. तहसीलमध्ये कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो. सातबारा, फेरफार, दाखले यांतच हयात गेली. निवृत्तीनंतर कॉलनीतली माणसं माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायची. काकांनी लिहिलेला अर्ज परत येत नाही, असं बोललं जायचं आणि मला ते ऐकायला आवडायचं.

त्या जोडप्यातला नवरा सराफ्यात दागिने घडवायचा. बायको घरी साड्यांवर भरतकाम करायची. पंचविशीची असेल. खोली देताना मी त्यांचे कागद बघितले होते. आधार कार्डं तर होतीच, शिवाय तिचा शाळा सोडल्याचा दाखला होता, पश्चिम बंगालमधल्या सरकारी शाळेचा. मी चष्मा पुसून त्यावरचा शिक्का तपासला. अस्सल होता. शिक्के ओळखण्यातच माझे केस पांढरे झालेले. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं मी हा दाखला कधी पाहिलाच नाही असं वागलो.

ते राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी माझ्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. लेक अमेरिकेत. ती आली, महिनाभर राहिली, रडत परत गेली. मग मागच्या खोलीतली ही मुलगी न बोलावता येऊ लागली. बायकोची कूस बदलायची, केस विंचरायची, मऊ भात कालवून भरवायची. भरवताना सतत बोलायची, अर्धं हिंदी, थोडं मराठी, बाकी बंगाली. चार महिन्यांनी बायकोची वाचा परत येऊ लागली तेव्हा तिच्या तोंडून पहिले धड शब्द निघाले, ते ‘होबे ना’. म्हणजे होणार नाही. मी औषध घेऊन गेलो होतो आणि ती मला म्हणाली, ‘होबे ना.’ मुलगी टाळ्या पिटत हसली. ‘काका, काकीमा बंगाली झाली!’ त्यानंतर घरात माझ्या प्रत्येक सूचनेला हेच उत्तर मिळू लागलं. खिडकी लावू का? होबे ना. टीव्ही बंद करू? होबे ना. चाळीस वर्षांच्या संसारात बायको मला इतक्या सरळपणे कधी नाही म्हणाली नव्हती.

मग एका उन्हाळ्यात आदेश निघाला, घरमालकांनी भाडेकरूंची माहिती छापील नमुन्यात भरून द्यायची. शहरात बांगलादेशी शोधायची चर्चा सुरू होती. सकाळी दूध आणायला गेलो तर शेजारचे निवृत्त मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘काय काका, तुमच्याकडं बांगलादेशी हायेत म्हणं. मासळीचा वास लई येतो.’ बाकीचे हसले. मीही हसलो. पिशवी घेऊन घरी आलो आणि आधी दार लावून घेतलं. या वयात कुणाच्या चौकशीत आपलं नाव नको, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी तिला बोलावलं. ती जमिनीवर बसली, मी खुर्चीत. नमुना भरू लागलो. कायमचा पत्ता या रकान्यापाशी आलो तशी ती थांबली.

‘गाव नाय काका. नदीनं खाल्लं.’

‘खाल्लं म्हणजे?’

‘माती कापत कापत आली नदी. आधी शेत गेलं, मग शाळा, मग आमचं घर. आता तिथं पाणी. मामाच्या गावाला राहिलो आम्ही. मामाचंच गाव लिहा ना.’

मी म्हणालो, ‘अगं, गाव काय म्हैस आहे का वाहून जायला? रेकॉर्डला गाव राहतंच.’

‘रेकॉर्डला असेल,’ ती म्हणाली. ‘बघायला गेलं तर नाव लागतं. म्हणजे होडी.’ होडीला नाव म्हणतात हे मराठीतही तसंच आहे, हे मी तिला सांगितलं. ती खूश झाली. इतकी निर्धास्त होती माझ्यापुढं.

मामाचं गाव लिहिलं असतं तर काहीही बिघडलं नसतं. पण कायमचा पत्ता म्हणजे मूळचाच, हा माझा हेका. मी बुडालेल्या गावाचं नाव लिहिलं. आणि खाली शेरा या रकान्यात, जो रिकामा सोडला तरी चालतो, माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘सदर गाव सध्या अस्तित्वात नसल्याचे भाडेकरू सांगतात.’

कुणी मागितला नव्हता तो शेरा. पण आमच्या खात्यात प्रत्येक जण हे शिकतो. उद्या काही निघालं तर आपली मान मोकळी राहिली पाहिजे, म्हणून दुसऱ्याच्या तोंडी घालून एक ओळ लिहून ठेवायची. ‘असे सांगतात.’ मी स्वतः काही म्हटलेलं नाही. दूध घेताना झालेलं ते बोलणं त्या ओळीत होतं, हे मला लिहितानाच कळत होतं. तरी खाली सही केली. तिचीही घेतली. मराठी तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय, हे तिनं विचारलं नाही.

आठ दिवसांनी तिच्या नवऱ्याला पोलिसांनी चौकशीला बोलावलं आणि ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. साहेब तरुण होते, अदबीनं बोलले. चहा मागवला.

‘काका, शेरा तुमचाच ना?’

‘हो.’

‘गाव अस्तित्वात नाही म्हणजे काय? तुम्हाला काय वाटतं, कुठले आहेत हे लोक?’

इथं मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी तिचा शाळेचा दाखला पाहिलाय, शिक्का खरा आहे, तीन वर्षं मी यांना ओळखतो. ते वाक्य जिभेवर होतं. मी म्हणालो, ‘त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, साहेब. बाकी मला कल्पना नाही.’

बाहेर बाकड्यावर ती बसली होती, मांडीवर कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. मला बघून उठली. तिला वाटलं, काका आत जाऊन सांगून आले. ‘झालं ना काका?’ मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मलाही सांगता येणार नाही.

मामाच्या गावाहून कागद यायला अकरा दिवस लागले. मग नवऱ्याला सोडलं. ते इथलेच, याच देशातले ठरले. पण सराफ्यातलं त्याचं आसन तोवर दुसऱ्याला दिलं होतं, आणि कॉलनीतल्या बायकांनी तिच्याकडच्या साड्या परत नेल्या होत्या, काहींनी तर अर्धवट भरलेल्या. तिसऱ्या दिवशी ते निघाले. तोवर तिला शेऱ्याचं कळलं होतं. चौकशीत तो वाचून दाखवला होता. ती बायकोचा निरोप घ्यायला आली, माझ्याकडं न बघता. बायकोनं विचारलं, ‘कुठं चालली?’

‘गावाला, काकीमा.’

‘गाव तर पाण्यात गेलं ना गं?’

ती मागं जाऊन बसली. बायकोची वेणी घालून दिली आणि गेली. बायकोनं त्यानंतर मला कधी विचारलं नाही की त्यांना काय झालं. ‘होबे ना’ म्हणणंही बंद झालं. दोन वर्षांनी बायको गेली.

लेकीनं मला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला नेलं, लॉस एंजेलिसजवळच्या एका उपनगरात. तिथं मी जे बघितलं त्यानं हादरलो, म्हणूनच हे लिहितो आहे.

त्या भागात आर्मेनियन लोकांची मोठी वस्ती. दुकानांच्या पाट्या त्यांच्या लिपीत. त्यांचं चर्च, शाळा, त्यांचे डॉक्टर, त्यांचे वकील. नगरपालिकेतही त्यांचीच माणसं. लेकीच्या शेजारी त्यांच्यातला एक म्हातारा राहायचा, घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला. दुपारी अंगणात तो सोंगट्या मांडायचा, मी समोर बसायचो. माझं इंग्रजी सरकारी पत्रांचं, त्याचंही तसंच तुटकं, त्यामुळं आमचं जमलं.

माझ्या लेकीला मोहरीचं तेल आणि मसूर लागायचा, ते अर्ध्या तासावरच्या बांगलादेशी दुकानात मिळायचं. एकदा म्हाताऱ्यानं मला आपल्या गाडीतून नेलं. दुकानदार माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ‘आसून दादा, बसून,’ म्हणजे या, बसा, असं म्हणत त्यानं स्टूल पुढं केलं, चहा दिला. मागच्या खोलीतल्या मुलीची ती बोली कानावर पडली आणि मी कप खाली ठेवला. तो बांगलादेशात कॉलेजात शिकवायचा. इथं सकाळी दुकान, दुपारनंतर टॅक्सी. दोन खोल्यांत सात माणसं. त्यांची मशीद एका बंद पडलेल्या दुकानात भरायची. कागद व्हायची किती वर्षं वाट बघतोय, हे त्यानं बोटांवर मोजून दाखवलं आणि दोन्ही हातांची बोटं संपल्यावर हसला.

मी इंग्रजीत विचारलं, ‘या आर्मेनियन लोकांचं एवढं झालं, तुमचं का नाही?’ मेहनत कमी पडली असं म्हणायला मला जागाच नव्हती, समोर दिसत होती मेहनत.

तो म्हणाला, ‘दादा, ते आधी आले. त्यांच्यातला जो पहिला आला, त्यानं दुसऱ्याचा अर्ज लिहिला. आमच्यात जो पहिला आलाय तो अजून स्वतःच्याच अर्जाच्या भीतीत आहे. दुसऱ्याची ओळख सांगायला घाबरतो.’

म्हातारा आर्मेनियन बाजूला मसुराची पाकिटं बघत उभा होता. त्यानं मान डोलावली. परत आल्यावर मला घरात घेऊन गेला. बैठकीच्या भिंतीवर काचेत लावलेला एक जुना टंकलिखित कागद होता. त्याच्या वडिलांचा अर्ज, बैरुतहून इकडं येताना केलेला. चर्चमधल्या लिखापढी करणाऱ्या माणसानं लिहून दिलेला. त्याच्या आजोबांचं मूळ गाव शंभर वर्षांपूर्वी कत्तलीत उजाड झालं, नकाशावर आता त्याचं नावही वेगळं आहे. तरी त्या गावचे म्हणवणारे लोक इथं दरवर्षी एकत्र जेवतात. त्यातल्या एकानंही ते गाव पाहिलेलं नाही.

त्यानं बोट ठेवून मला एक ओळ वाचून दाखवली. ‘अर्जदाराचे गाव आता अस्तित्वात नाही. त्याला परत जाण्यास जागा नाही.’

मी ती ओळ पुन्हा वाचली. पहिलं वाक्य माझंच होतं. जवळपास शब्दाला शब्द. त्यांच्या लेखनिकानं पुढं आणखी एक वाक्य लिहिलं होतं, एवढाच फरक. आणि त्या वाक्यावर एक घर उभं राहिलं, घड्याळाचं दुकान झालं, दोन मुलं दाताचे डॉक्टर झाली.

म्हाताऱ्यानं विचारलं, ‘तुझं गाव?’

मी सवयीनं सांगून गेलो, ‘धरणात गेलं. पैठणच्या. सरकारनं धरणग्रस्त म्हणून दाखला दिला, त्यावर मला नोकरी लागली.’

सांगताना माझ्या लक्षात आलं की मी काय बोलतोय. मी तिथल्याच सोफ्यावर बसलो. म्हाताऱ्यानं पाणी आणलं, त्याला वाटलं साखर कमी झाली. तेहतीस वर्षं ज्या खुर्चीत बसलो, ती मला माझं गाव पाण्याखाली गेल्याबद्दल मिळाली होती. त्याच खुर्चीत शिकलेल्या अक्षरानं मी त्या मुलीच्या पाण्याखालच्या गावावर शेरा मारला. तिनं ‘नदीनं खाल्लं’ म्हटलं तेव्हा मला माझं गाव आठवलंसुद्धा नव्हतं. उलट म्हशीचा विनोद केला. माणूस इतका कोरडा होऊ शकतो याचा मला धक्का बसला, आणि तो माणूस मी होतो.

आणखी एक गोष्ट त्या मोहरीच्या तेलाच्या दुकानानं माझ्याकडून काढून घेतली. आजवर मनातल्या मनात मी एवढंच कबूल करायचो की ती भारतीय होती, म्हणून चूक झाली. ती बांगलादेशी असती तर? माझ्या बायकोची कूस बदलणारे हात तेच राहिले असते. मी त्या साहेबांसमोर गप्प बसणं तेव्हा बरोबर ठरलं असतं का? दुकानदाराचा चहा पिऊन आलेल्या मला याचं उत्तर हो असं देता येईना.

परत आल्यावर मी सराफ्यात गेलो. एका बंगाली कारागिरानं बराच वेळ माझ्याकडं निरखून बघितलं आणि तिचा नंबर दिला. फोन तिनंच उचलला. आवाज लगेच ओळखला.

‘काका? काकीमा कशी आहे?’

गेली, म्हणालो. पलीकडं ती रडायला लागली. मोठ्यानं, घरातलं माणूस गेल्यासारखी. मग सावरून मलाच विचारू लागली, जेवता ना वेळेवर, भात मऊ करता ना, एकटेच आहात का. मी हो, हो करत गेलो. मी ज्यासाठी फोन केला होता ते तिच्या त्या रडण्यापुढं काढताच आलं नाही. खरं सांगायचं तर तिनं दिलेली माया मी गपचूप घेतली, जशी आधी घेतली होती. ‘पुन्हा करा फोन,’ म्हणाली. मी चार दिवस मनाशी जुळवाजुळव केली. पाचव्या दिवशी केला तर नंबर बंद. आजवर बंद आहे. सराफ्यातला तो कारागीरही निघून गेला.

हजारभर अर्ज मी लोकांना लिहून दिले असतील. हा एक मला बोलता आला नाही, तो असा होता:

मुली, तुझा दाखला मी पाहिला होता. शिक्का खरा होता हे मला माहीत होतं. त्या दिवशी बाकड्यावरून उठून तू विचारलंस, ‘झालं ना काका?’ तेव्हा मी आत तुझ्यासाठी एक शब्दही बोललो नव्हतो. मी भ्यालो होतो. मला माफ कर.