अल सुलैमधला दहावा

पलटणीत मी धर्मगुरू होतो. जवान मला पंडितजी म्हणत. निवृत्तीनंतर रियाधच्या अल सुलैमध्ये गोदाम-कामगारांच्या कॅम्पचा कॅम्प बॉस झालो, तरी ते नाव सुटलं नाही. खोल्या, पाणी, भांडणं बघणं हे माझं काम. पण कुणाच्या घरची वाईट बातमी आली की दार माझंच वाजतं. त्याचा मला अभिमान आहे. माणूस सावरायचा कसा, हे मला येतं.

गेल्या वर्षी आमच्या साताऱ्याकडच्या ट्रेलर ड्रायव्हरची आई गेली. इकामाचं, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण अडकलेलं, त्यामुळे त्याला जाता आलं नाही. अग्नी धाकट्या भावानं दिला. हा मात्र हट्टाला पेटला : दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत मी घास घेणार नाही. नुसत्या बिनदुधाच्या सुलेमानी चहावर राहिला. डोळे खोल गेले, हात थरथरायला लागले. मी ट्रेलरची किल्ली काढून घेतली. समजावलं, ओरडलो, पालथ्या घड्यावर पाणी. पोरगा हातचा जाणार, अशी मला भीती वाटायला लागली.

दहाव्याच्या सकाळी भावानं घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. फोन मी धरला. हा भिंतीशी हात जोडून, डोळे मिटून बसला. पडद्यावर खाली पिंड मांडलेले, वर बाभळीवर कावळा.

"आई, घराचं काम पुरं करतो," भाऊ म्हणाला. कावळा ढिम्म.

"आता तू बोल," मी याला म्हणालो. "आणि आईशी खोटं बोलू नकोस."

त्यानं भिंतीला डोकं टेकवलं. मग म्हणाला, "आये, मला यायचं हुतं गं. लई यायचं हुतं." आणि हमसून हमसून रडायला लागला. बातमी आल्यापासून पहिल्यांदाच.

कावळा उडाला आणि नदीपलीकडे गेला. पिंड तसेच राहिले.

"शिवला!" मी परेडच्या आवाजात म्हणालो. शास्त्र मला पाठ आहे. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात, तोही मार्ग होता. पण या हट्ट्याला तो चालला नसता.

त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "बारक्या, खरंच शिवला?"

भावानं रिकाम्या बाभळीकडे पाहिलं, मग पडद्यातून माझ्याकडे. मी नजर हलवली नाही.

"व्हय दादा, शिवला," तो म्हणाला. "जेव आता."