सर्जाला आवतन

आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला उतरताच मी परतीच्या बसची चौकशी केली. सेवानिवृत्तीनंतर प्रवास करू लागलो खरा, परंतु पोहोचण्याआधीच निघण्याची घाई काही सुटलेली नाही. महामार्गापासून आत, कपाशीच्या शेतांपलीकडे, सुनंदाताई म्हाताऱ्या बैलांचा सांभाळ करतात. पूर्वी त्या शिक्षिका होत्या.

त्यांनी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. माझे लक्ष मात्र आवारातल्या सर्जा बैलाकडे होते. त्याच्या खांद्यावरची जुवाची जखम चिघळली होती. मागच्या खेपेस दोरांनी पाडून सुई देताना त्याचा पाय दुखावल्याचे ताईंनी सांगितले. आज पुन्हा पाडले असते, तर तो कदाचित उठला नसता.

गुरांचे डॉक्टर आले. "रस्सी लगाएंगे क्या, टीचरम्मा?"

"थांबा हो. त्याले इचारून तं पाहू."

कुंपणाला आडवा बांबू बांधला होता. सर्जाने त्यावर हनुवटी टेकवली की होकार. उचलली की सर्वांनी हात मागे घ्यायचे. मागचे फाटक उघडेच असते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना जेवणाचे आवतन (आमंत्रण) देतात, त्याच सुरात ताईंनी हाक दिली, "सर्जा, आवतन घे बापा!"

सर्जा आला. हनुवटी टेकवली. डॉक्टरांनी सुई जवळ नेली, तसे त्याचे कान हलले. आता हा उधळणार, या भीतीने मला राहवले नाही. पुढे होऊन मी त्याचे शिंग धरले.

एका हिसक्यात तो फाटकाबाहेर गेला.

"काऊन धरलं, भाऊ? कोनी जेवाले बोलावून हात पकडते का?"

"वळवून आणतो," मी पुटपुटलो.

"नोका. खाली बसा. तुमी येरझारा घालून राह्यले तं तो काऊन येईल?"

मी मातीत बसलो. डॉक्टर घड्याळ पाहत होते. त्यांना तामसीला जायचे होते. दोर त्यांच्या मोटारसायकलला लटकत होता. सर्जा आमच्याकडे पाठ करून चरत राहिला. माझी बस केव्हाच गेली असावी. ताईंनी पुन्हा आवतन दिले, एकदाच.

पुष्कळ वेळाने तो लंगडत आत आला, माझ्याकडे रोखून पाहत थांबला, आणि हनुवटी टेकवली. सुई टोचली तेव्हा त्याची कातडी थरारली. हनुवटी मात्र उचलली नाही.

"आता ये जेवाले," म्हणत ताईंनी त्याला बेल्लम (गूळ) भरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या बी सुई हाय. या, पन हात खिशात ठेवून."

आदिलाबादच्या बसमध्ये जागा मिळूनही मी दोनदा उठलो. फाटक उघडे असताना तो परत का आला, हे मला नीट सांगता येणार नाही. त्याचा तो हिसका मात्र तळहातात अजून जाणवत होता. मुक्कामाचे गाव येण्याआधीच मी वाहकाला सकाळी गुडीहत्नूरकडे जाणाऱ्या पहिल्या बसची वेळ विचारली.