भावजींची वेलांटी

आमचे हे पाट्या रंगवतात. अक्षर मोत्यासारखं आणि तोंड फटकळ. शुद्धलेखनात तर सख्ख्या भावालाही सोडत नाहीत. माझ्या किराणाच्या यादीवरसुद्धा यांची लाल पेन्सिल फिरते.

भावजी यांचे मित्र आणि भागीदार. नात्याने दीर नव्हेत, पण मला एवढं मानणारा दीर दुसरा नव्हता. अक्षर काढताना त्यांचा हात यांच्याहून मोकळा होता, हे यांनाही ठाऊक होतं. फक्त ऱ्हस्व-दीर्घाशी भावजींचं हाडवैर. सगळीकडे दुसरी वेलांटी. मला म्हणायचे, "वहिनी, पहिली वेलांटी म्हणजे अंग चोरून बसणं. दुसरी कशी, ऐसपैस!"

चार वर्षांपूर्वी त्यांनी दवाखान्याच्या पाटीवर 'चीकित्सा' लिहिलं. हे गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "आधी शाळेत जाऊन बस, मग ब्रश धर." भावजींनी ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि निघून गेले. तेव्हापासून बोलणं बंद. मी किती वेळा म्हटलं, अहो, दोन पावलं जा, पाय झिजणार नाहीत. यांचं एकच, "चूक त्याची."

गेल्या हिवाळ्यात भावजी अचानक गेले. हे पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

मग टेकडीवरच्या देवळातून निरोप आला, पाटी पुसट झालीय, रंगवून द्या. ती भावजींनी रंगवलेली. गावातल्या त्यांच्या बाकी पाट्या फ्लेक्स आल्यावर भंगारात गेल्या होत्या. त्यांच्या हातची एवढीच उरली होती. हे म्हणाले, "तूही चल." मी निघाले.

पाटीवर होतं, 'शांतता राखा. मंदीर तुमचेच आहे.' आता हा माणूस मेलेल्यालाही दुरुस्त करणार, असं मला वाटलं.

हे हात जोडून बराच वेळ पाटीसमोरच उभे राहिले, देव आत राहिला. मग डबा उघडला. जुना रंग खरवडला नाही, भावजींच्या रेषेवरूनच ब्रश फिरवायला लागले. 'मं' झाला. 'द' झाला. तिथे हात थांबला.

पुजारी मागे येऊन उभे होते. "पेंटर, तिथं पहिली पाहिजे ना? सहलीला येणारी पोरं हसतात हो."

"दुसरीच आहे."

"अहो, पण चूक..."

"चूक माझी," हे म्हणाले. "चार वर्षं झाली. सांगायचं राहून गेलं."

पुजारी काय समजायचं ते समजले आणि आत गेले. यांचे डोळे वाहत होते. वेलांटी वरून खालपर्यंत ओढली, चांगली ऐसपैस. मग ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "त्याच्यासारखी आली का गं?"