मशीनशी न पटणारे समोरचे काका

अख्ख्या मिनेसोटात मशीनला उलट उत्तर देणारा माणूस एकच, आणि तो ईडन प्रेरीत आमच्या समोरच्या घरात राहतो. काका रिटायर्ड डॉक्टर. काकू गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्यांनी एका विमा कंपनीचं घरबसल्या काम धरलं. पेशंटचे उपचार मंजूर करायचे की नाही, हे तिथे एआय ठरवतं. नकार असेल तर मात्र तो आधी डॉक्टरने तपासायचा, असा कायदा. कंपनीला त्या कायद्यापुरता माणूस हवा होता. बटण दाबायचं, गप्प बसायचं. आणि मिळाले कोण, तर काका! पार्सलवाल्यालाही चहा पाजल्याशिवाय न सोडणारे.

काका प्रत्येक केस अख्खी वाचायचे आणि सरळ पेशंटला फोन लावायचे. आजारबिजार नंतर, आधी आपल्या रीतीप्रमाणे, "हॅव यू ईटन?" समोरची गोरी माणसं गडबडून जायची. एक म्हातारी मात्र खरं बोलली: ओट्यापाशी उभंच राहवत नाही, कालपासून बिस्किटांवर आहे. मशीनच्या मते तिला घरी नर्सची गरज नव्हती. काकांनी नकार फिरवला, वर शेरा मारला, 'यंत्राने हिला जेवणाचं विचारलेलं दिसत नाही.' मॅनेजर भडकला, "डॉक्टर, यू आर टू स्लो." काका शांतपणे म्हणाले, "फास्टवाला तुमच्याकडे आहेच की. त्याच्यावर लक्ष ठेवायलाच मला बसवलंय ना?"

मी ऐकून खवळले. नुसता माणूस बसवून काय उपयोग? त्याला वाचायला वेळ द्या, नकार फिरवला म्हणून त्याला छळू नका! हेच पत्रकांत छापून आम्ही पेशंटांच्या हक्कांसाठी लढणारी मंडळी सेंट पॉलला विधिमंडळाबाहेर घसा फोडत होतो. म्हटलं, "काका, विधिमंडळाच्या समितीपुढे बोला."

"अगं, मग मला काढतील."

"काढू देत! पेन्शन आहे ना?"

"पेन्शन बोलत नाही गं. दिवसभर फोन कुणाला करू?"

तरी आले. लग्नसमारंभातला कोट घालून, माइक उगाच दोनदा ठोकून, सगळं बोलले. कंपनीने लगेच त्यांचं काम बंद केलं. पेशंटचे नंबरही गेले.

परवा मी नव्या कायद्याचा मसुदा घेऊन काकांकडे गेले. आमच्या दोन्ही मागण्या त्यात आल्या होत्या. जोरजोरात वाचून दाखवला. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "परत वाच ना."

"कुठलं कलम, काका?"

"कुठलंही चालेल गं. तू वाच."